वाचक विचारतात: अंतराळात शरीराचं नेमकं काय होतं?

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत. मार्च 2025 मध्ये सुनीता विल्यम्स परत आल्या, मागोमाग जुलैमध्ये शुभांशू शुक्ला आले, तेव्हापासून या सदराकडे अंतराळाबद्दलचे प्रश्न सारखे येतायत, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाडं, स्नायू, तोल, चालणं हा माझा रोजचा विषय, त्यामुळे हे प्रश्न वाचताना मला खरंच खूप बरं वाटलं. काही उत्तरं लांबलीत, काही दोन-चार ओळींत संपलीत, चालवून घ्या.

आमच्या सरांनी सांगितलं की अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात. मग पृथ्वी चंद्राला कशी काय धरून ठेवते? तो तर कितीतरी लांब आहे.
*नववीतली विद्यार्थिनी, पेडणे*

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंस बघ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटर वर आहे. पणजीहून मुंबई सरळ रेषेत जेवढी लांब, जवळजवळ तेवढंच अंतर, फक्त वरच्या दिशेला. एवढ्यानं गुरुत्वाकर्षण काही संपत नाही, तिथं ते जमिनीवरच्या 90 टक्क्यांच्या आसपास असतंच. मग माणसं तरंगतात का, तर ती सतत पडत असतात म्हणून. स्थानक एका सेकंदात साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त पुढं जातं, म्हणजे पणजीहून मडगाव चार सेकंदांत, आणि त्याच एका सेकंदात ते साडेचार मीटरच्या आसपास खाली पण पडतं, पण पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात जमीनही तेवढीच खाली वळलेली असते, म्हणून पडणं संपतच नाही, सुमारे 90 मिनिटांत एक फेरी पूर्ण होते आणि पुढची चालू. आतली माणसं, त्यांची भांडी, पाणी, पेन सगळं एकाच वेगानं पडतंय, मग कोण कुणावर टेकणार?

घरी करून बघ. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ खिळ्यानं भोक पाड, बोटानं ते बंद करून पाणी भर, झाकण लावू नकोस, आणि स्टुलावर उभी राहून अंगणात सोडून दे. हातात धरलेली असताना बोट काढलं की धार लागते, पण बाटली सोडलीस की पडता पडता धार थांबते. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलंस तर स्पष्ट दिसेल. वरचं पाणी खालच्या पाण्यावर दाब देत होतं, तो दाब पडताना नाहीसा झाला. आपल्या अंगात रक्त आहे, कानात पाणी आहे, मणक्यांच्या मधे गादी आहे, या सगळ्यांवरचा असाच दाब अंतराळात एकदम जातो. पुढच्या सगळ्या उत्तरांचं मूळ हेच आहे.

मी शिपवर असतो. सुट्टीत घरी आलो की दोन-तीन दिवस अंघोळ करताना, डोळे मिटले की जमीन हलल्यासारखी वाटते. अंतराळवीरांना पण तसंच होतं का?
*तारवटी, वास्को*

होतं, आणि कारण पण बरंचसं तेच. आपल्या आतल्या कानात दोन छोट्या पिशव्या असतात, त्यात चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे बसलेले असतात. मान कलली की खडे कलतात, खालचे केस वाकतात आणि मेंदूला कळतं की खाली कुठे आहे. कक्षेत पोचल्या पोचल्या ते खडे काही सांगेनासे होतात. डोळे म्हणतात मी उलटा आहे, कान म्हणतात मला काही माहीत नाही, आणि मेंदू या भांडणात माणसाला ओकायला लावतो. 1961 मध्ये सोव्हिएत रशियाचा गेर्मान तितोव हा असा त्रास झालेला पहिला माणूस. आजही साधारण 60 ते 80 टक्के जणांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो, त्यात कसलेले फायटर पायलट पण असतात, त्यामुळे याचा दम असण्या-नसण्याशी काही संबंध नाही. पहिले दिवस डोकं झटकन वळवायचं नाही, गरज लागली तर गोळी किंवा इंजेक्शन, बस. तोवर मेंदू कानाचं ऐकायचं सोडून डोळ्यांवर भरवसा ठेवायला शिकतो.

तुमच्याही मेंदूनं शिपवर हेच केलेलं असतं, लाटांचा हिशेब धरूनच तो चालत असतो, घरी आल्यावर तो हिशेब सुटायला दिवस लागतात. डोळे मिटले की जास्त वाटतं कारण डोळ्यांचा आधार गेला. अंतराळवीर उतरल्यावर कोपऱ्यावर वळताना भिंतीला धडकतात, मान खाली घालून बुटाची नाडी बांधताना तोल जातो. शुक्ला यांनी परतल्यावर सांगितलं होतं की पलंगावर बसून लॅपटॉप बाजूला हवेतच सोडून दिला, तो तरंगत राहील या सवयीनं, आणि हातातला मोबाईल सुद्धा जड लागत होता. त्यात आता ड्रॅगन यान उतरतं समुद्रात, म्हणजे एवढ्या दिवसांनी वजन परत आलेलं आणि वर लाटांचं हेलकावणं, तुम्हाला कल्पना येईल काय होत असेल ते. एक मात्र बघा, तुमचं हे दोन-तीन दिवसांत जात असेल तर काळजी नाही, महिनाभर टिकलं तर कान-नाक-घसा डॉक्टरांना नक्की दाखवा.

टीव्हीवर सुनीताबाईंचा चेहरा वर असताना सुजल्यासारखा दिसायचा आणि उतरल्यावर एकदम उतरलेला. स्ट्रेचरवरून नेलं ते बघून आम्ही घाबरलोच. तब्येत एवढी बिघडली होती का?
*एक गृहिणी, मडगाव*

घाबरू नका, स्ट्रेचर हा ठरलेला रिवाज आहे, धडधाकट माणसाला सुद्धा तसंच काढतात. सुनीता 5 जून 2024 ला गेल्या त्या आठवडाभरासाठी, आणि राहाव्या लागल्या 286 दिवस, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष होतं एवढंच.

आता सुजेबद्दल. आपण उभे असतो तेव्हा रक्त आणि इतर द्रव खाली पायांकडे ओढला जात असतो आणि शरीर आयुष्यभर तो वर ढकलायचं काम करत असतं, पायांतल्या शिरांना झडपा असतात, पोटऱ्या पिळून रक्त वर पाठवतात. अंतराळात खाली ओढणारं काही राहत नाही पण वर ढकलणारी यंत्रणा तशीच, म्हणून साधारण दोन लिटर द्रव पायांतून छाती-डोक्याकडे सरकतो. चेहरा गोल होतो, गळ्याच्या शिरा फुगतात, नाक चोंदतं, सर्दी झाल्यासारखा आवाज येतो, आणि पाय काडीसारखे. हे काही तासांतच होतं. मग शरीराला वाटतं अंगात पाणी फार झालंय, तहान कमी लागते, काही दिवसांत रक्तातलं पाणी दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होतं, तांबड्या पेशी पण कमी होतात. तिथं राहायला हे अगदी पुरतं. पण घरी यायचं म्हटलं की तेवढंच रक्त आता पुन्हा पायांकडे धावणार आणि डोक्याला कमी पडणार, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. म्हणून उतरायच्या आधी मिठाच्या गोळ्या आणि भरपूर पाणी घ्यायला लावतात, पायांना घट्ट आवळणारे कपडे घालतात, आणि बाहेर आल्यावर लगेच उभं करत नाहीत. पहिल्या दिवशी उभं राहून दहा मिनिटं बोलणं हे सुद्धा त्यांच्या हृदयाला मोठं काम असतं.

याच वर सरकलेल्या द्रवाचे दोन परिणाम मला जास्त गंभीर वाटतात. एक, डोळे. महिनोन्महिने राहिलेल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांच्या मागच्या नसेला सूज आलेली आढळली, डोळ्याचा गोळा मागून थोडा चपटा होतो आणि जवळचं अंधुक दिसायला लागतं, म्हणून आधीपासूनच जास्त नंबरचे चष्मे वर पाठवून ठेवतात. बहुतेकांचं सुधारतं, काहींचं पूर्ण नाही. दुसरं, गळ्याच्या शिरेत रक्त जवळजवळ थांबल्यासारखं होतं, आणि एका अंतराळवीराच्या त्या शिरेत चक्क गुठळी सापडली, ती पण दुसऱ्याच अभ्यासासाठी सोनोग्राफी चालली होती म्हणून. जमिनीवरचा डॉक्टर सांगतोय आणि वर माणूस स्वतःच स्वतःची सोनोग्राफी करतोय, रक्त पातळ करायचं औषध कुपीतून सुईत ओढायचं तर तिथं द्रव कुपीच्या तळाशी राहत नाही, अशी सगळी परिस्थिती. ते औषध पुरवून पुरवून वापरलं, पुढच्या यानातून गोळ्या गेल्या, आणि तो माणूस सुखरूप उतरला. 2020 मध्ये हे छापून आलं तेव्हा मी ते कितीदा तरी वाचलं.

माझ्या आईचं (वय 81) खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर चालवा म्हणतात, पण घरी येणारे सगळे म्हणतात या वयात आराम द्या, पडून राहू दे. अंतराळवीरांची हाडं ठिसूळ होतात असं वाचलं, त्यांना जी औषधं देतात ती आईला चालतील का?
*वाचक, डिचोली*

हा प्रश्न आला म्हणूनच खरं तर मी या विषयाला पूर्ण सदर दिलं.

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नव्हे, ते जिवंत असतं, रोज थोडं खरवडलं जातं आणि रोज थोडं नवं बांधलं जातं. शरीर हे काटकसरी गृहिणीसारखं आहे, जिथं गरज नाही तिथं पैसा घालत नाही. वजन पेलायचं नाही म्हटल्यावर खरवडणं चालू राहतं आणि बांधणं मागे पडतं. व्यायाम पुरेसा झाला नाही तर अंतराळात खुबा आणि कंबरेच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते, पाळी गेलेल्या बाईची जेवढी वर्षाला होते साधारण तेवढी. ते कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं, म्हणून मुतखड्याची भीती. हातांच्या हाडांना फारसं काही होत नाही, कारण हातानंच तर ते सगळीकडे ढकलत-ओढत फिरतात. म्हणजे बघा, एकाच माणसाच्या अंगात वापरलेलं हाड टिकतं आणि न वापरलेलं झिजतं. स्नायूंचंही तेच, पोटरी, मांडी, पाठ, जे आपल्याला उभं धरतात ते सगळ्यात आधी वितळतात.

यावर त्यांचा मुख्य उपाय औषध नाहीच, उपाय आहे रोजचा दोन-अडीच तासांचा व्यायाम. ट्रेडमिलवर पळताना खांद्या-कमरेला पट्टे बांधून खाली ओढून धरतात, नाहीतर पहिल्याच पावलाला वर उडतील. 2007 मध्ये सुनीता विल्यम्स बोस्टन मॅरेथॉन वर स्थानकातच अशा पट्ट्यांत पळाल्या होत्या. वजनं तर तिथं वजनाची राहत नाहीत, म्हणून निर्वात नळकांडी खेचायचं एक मशीन आहे, त्यावर अडीचशे किलोपेक्षा जास्त जोर लावता येतो, उठाबशा, पाठीचे व्यायाम सगळं त्यावर. हे मशीन आल्यापासून आणि खाणं, ड जीवनसत्त्व नीट सांभाळल्यापासून हाडांचं नुकसान पुष्कळ आटोक्यात आलं. हाडं खरवडणं कमी करणाऱ्या ज्या गोळ्या आपण इथं देतो त्याच काही अंतराळवीरांवर व्यायामाच्या जोडीला वापरून बघितल्या आणि फायदा दिसला. आईला त्या द्यायच्या की नाही हे तिच्या किडनीचा रिपोर्ट, कॅल्शियम, दात बघून तिचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही आपणहून देऊ नका.

आता आरामाबद्दल. अंतराळाचा अभ्यास जमिनीवर कसा करतात माहीत आहे का? तरुण, निरोगी माणसांना पैसे देऊन पलंगावर झोपवून ठेवतात, डोक्याकडची बाजू सहा अंश खाली, जर्मनीत कोलोनला असे 60-60 दिवसांचे प्रयोग झालेत, जेवण आडवं, अंघोळ आडवी, सगळंच आडवं. आणि त्यांच्या हाडांचं, स्नायूंचं, हृदयाचं जवळजवळ तेच होतं जे अंतराळवीरांचं होतं. म्हणजे पलंगावर पडून राहणं ही शास्त्रज्ञांच्या दृष्टीनं अंतराळाची नक्कल आहे! एका अमेरिकन अभ्यासात निरोगी म्हाताऱ्या माणसांना फक्त 10 दिवस झोपवून ठेवलं तर दोन्ही पायांचं मिळून किलोभर मांस गेलं. तुमची आई 81 वर्षांची आहे, तिच्याकडे घालवायला तेवढं मांस कुठे आहे? घरी बघायला येणारे प्रेमानंच सांगतात, पण ‘पडून राहा’ हा सल्ला म्हाताऱ्या माणसाला किती महाग पडतो हे मी रोज बघते, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा डॉक्टरांनी चालवा म्हटलंय ना, तर चालवा. एकदम उभं नाही करायचं. आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून पाचेक मिनिटं बसवा, पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत, पलंग उंच असेल तर पाट ठेवा. बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायला लावा, पोटऱ्या रक्त वर ढकलायला लागतात, अंधारी येत नाही. मग वॉकर, बाजूला एक माणूस ऑपरेशनच्या बाजूला उभा, आणि पलंग ते दार. चार दिवसांनी पलंग ते बाल्कांव. तिथं बसून रस्त्यावरच्या माणसांशी बोलू दे, जेवण पण पलंगावर ताट नेऊन नको, टेबलाशी. जेवणात मासे, अंडी, डाळ, दूध वाढवा, पेजेवर नुसतं ठेवू नका. पोटरी सुजली, दुखली, लाल झाली किंवा धाप लागली तर मात्र वाट न बघता हॉस्पिटल.

शुभांशू शुक्लांनी गाजर हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस नेला होता. आपली पोई नेता येईल का? आणि माशाची कढी?
*एक बेकरीवाले, म्हापसा*

पोई नेता येणार नाही हो, आणि कारण म्हणजे तिच्या पाठीवरचा तो कोंडा, जो आपल्याला एवढा आवडतो. पावाचा चुरा, कोंडा, कणी तिथं खाली पडत नाही, हवेत फिरत राहते, कुणाच्या डोळ्यात जाईल, नाकात जाईल, नाहीतर मशीनच्या जाळीत जाऊन बसेल. म्हणून 1980च्या दशकापासून ते मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ पोळ्या, टॉर्टिया म्हणतात त्या, वापरतात. मीठ सुद्धा पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात घालून थेंब थेंब वापरायची. कढी चालेल, सोलकढी पण, पिशवीतून नळीनं ओढून. दाट रश्शाला तर काहीच अडचण नाही, तो चमच्याला चिकटून राहतो. नाक चोंदलेलं असल्यामुळे वास येत नाही, जेवण अळणी लागतं, आणि बरेच जण वर गेल्यावर तिखटाच्या मागे लागतात, तेव्हा शागोती तिथं नक्की खपेल. सोडा, बीअर मात्र नाही. पोटात हवा वर आणि पाणी खाली असं वेगळं होत नाही, त्यामुळे ढेकर दिला की नुसती हवा येत नाही. 1984 ला राकेश शर्मांबरोबर म्हैसूरच्या संरक्षण अन्न प्रयोगशाळेनं सुजी हलवा, आलू-छोले, पुलाव असं पाठवलं होतं, तेव्हा आपल्याकडे हे काम नवं नाही. तुम्ही कोंडा न लावलेली, मऊ, चुरा न होणारी पोई करून दाखवा, पण मग ती पोई म्हणायची का हे तुम्हीच ठरवा.

अंतराळात उंची वाढते हे खरं का? मला पोलिस भरतीला एक सेंटिमीटर कमी पडतोय.
*वाचक, साखळी*

खरं आहे, तीन टक्क्यांपर्यंत. मणक्यांमधल्या गाद्यांवरचा दाब जातो, त्या फुगतात, पाठ लांबते, आणि सुरुवातीला चांगलीच दुखते. परत आल्यावर काही दिवसांत उंची होती तेवढीच होते आणि त्या काळात गादी सरकायचा धोका वाढलेला असतो. तुमच्या कामाची एवढीच गोष्ट की इथं जमिनीवर पण सकाळी उठल्या उठल्या आपण संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असतो, याच कारणानं. मापाची वेळ सकाळची मिळाली तर आदल्या रात्री नीट झोपा. वजन उचलून, बाईकवर खड्ड्यांतून लांबून येऊन लगेच मापाला उभे राहू नका.

मी ग्रँड आयलंडला टुरिस्टना स्कूबाला नेतो. पाण्यात नीट तरंगायला जमलं की वाटतं हेच अंतराळ. किती साम्य आहे?
*स्कूबा इन्स्ट्रक्टर, बार्देश*

सरावापुरतं पुष्कळ साम्य. ह्यूस्टनला 12 मीटर खोल प्रचंड टाकी आहे, त्यात स्थानकाची मॉडेल्स बुडवून ठेवलीत आणि वर जाऊन बाहेर जे काम करायचं ते आधी त्या टाकीत तासन्‌तास करून घेतात. पण तुमचे कान पाण्यात पण काम करत असतात, डोकं खाली केलंत की मेंदूला बरोबर कळतं. सूटच्या आत अंतराळवीराचं वजन पण तसंच, उलटं लटकलं की रक्त डोक्यात येतं. शिवाय पाणी अडवतं, हात हलवला की थांबतो, अंतराळात ढकललेली वस्तू थांबतच नाही.

खरं साम्य दुसरीकडे आहे आणि ते तुम्हाला लगेच कळेल. डाईव्ह झाल्यावर लगेच विमानात बसू नका असं तुम्ही टुरिस्टना दाबोळी-मोपाच्या फ्लाईटसाठी बजावता ना, नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे? स्पेसवॉकचंही तेच. स्थानकात हवेचा दाब समुद्रसपाटीएवढा, पण सूटमध्ये साधारण त्याच्या एक तृतीयांश, नाहीतर सूट फुगून बोटं वाकणार नाहीत. म्हणजे बाहेर पडणं हे एका परीनं खोल पाण्यातून झटकन वर येण्यासारखंच, म्हणून आधी तासन्‌तास शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन काढून टाकतात. आणि बुडण्याची भीती सुद्धा आहे बरं का! जुलै 2013 मध्ये इटलीचे लुका पार्मितानो बाहेर असताना कूलिंगचं पाणी हेल्मेटमध्ये शिरलं, दीड लिटरच्या आसपास, ते खाली कुठे जाणार, डोळ्यांवर, नाकावर चिकटून बसलं, दिसेना, ऐकू येईना, शेवटी दोरीच्या ओढीवरून दिशा धरत ते दारापर्यंत आले. त्यानंतर अमेरिकन सूटमध्ये तोंडाजवळ स्नॉर्कल बसवायला लागले. तुमच्या धंद्यातली वस्तू अंतराळात गेली ती अशी.

मंगळावर माणूस गेला तर जिवंत आणि धड परत येईल का?
*प्राध्यापक, केपे*

स्नायू-हाडांच्या बाजूनं माझं उत्तर हो असं आहे. वालेरी पोल्याकोव हे रशियन डॉक्टर मीर स्थानकावर सलग 437 दिवस राहिले आणि मार्च 1995 मध्ये उतरल्यावर यानापासून खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालले, मंगळावर उतरून काम करता येईल हे दाखवायला. सलग मुक्कामाचा तो विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे. स्कॉट केली 340 दिवस वर राहिले तेव्हा त्यांचा जुळा भाऊ मार्क, जो स्वतः पण अंतराळवीर, जमिनीवर होता, दोघांच्या रक्तापासून जनुकांपर्यंत सगळं तपासलं. 2019 ला निष्कर्ष आले, जनुकांच्या कामकाजात झालेले बहुतेक बदल सहा महिन्यांत पूर्ववत झाले, थोडे राहिले, आणि डोकं चालवायच्या चाचण्यांत परतल्यावर वेग थोडा मंदावलेला दिसला.

मला काळजी वाटते किरणांची. स्थानक पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत आहे, तरी तिथं एका दिवसात अर्धा ते एक मिलिसिव्हर्ट (किरणांचा मारा मोजायचं माप) मिळतं, आपल्याला इथं वर्षाला सरासरी अडीचच्या आसपास. कवचाबाहेर गेल्यावर किती, हे मंगळावर जाणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीनं वाटेत मोजलं, दिवसाला 1.8 च्या आसपास, म्हणजे फक्त जाण्या-येण्यातच 660 मिलिसिव्हर्ट. याला व्यायाम नाही, गोळी नाही, जाड भिंत न्यायची तर वजन परवडत नाही. सात-आठ महिन्यांच्या प्रवासानंतर मंगळावर उतरतील तेव्हा स्ट्रेचर घेऊन कोणी उभं नसणार हेही आहेच, पण तिथं वजन इथल्या 38 टक्केच, त्यामुळे तेवढं जमेल असं मला वाटतं.

मला अंतराळवीर व्हायचंय. गगनयानमध्ये गोव्यातल्या मुलांना घेतील का? काय शिकू?
*सातवीतला विद्यार्थी, काणकोण*

गोवा-बिवा कुणी बघत नाही रे, काम बघतात. गगनयानच्या पहिल्या फेरीसाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत, त्यातलेच एक शुभांशू शुक्ला. बेत असा आहे की तीन जणांना 400 किलोमीटरच्या कक्षेत तीन दिवस ठेवायचं. तीन दिवसांत हाडांना काही होत नाही, पण वर वास्कोच्या काकांना सांगितलं तो मळमळीचा काळ पूर्ण त्यातच येतो, म्हणून या प्रवासात सगळ्यात महत्त्वाचं काय तर कान आणि रक्त. त्यासाठी बंगळूरला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे, तिथं गोल फिरणारं मोठं सेंट्रिफ्यूज आहे, वैमानिकांना आणि अंतराळवीरांना तिथंच तपासतात. डॉक्टर होऊन तिथं एरोस्पेस मेडिसिनमध्ये एमडी करता येतं, म्हणजे वर न जाता पण या कामात राहता येतं. शेतीचं शिकलास तरी दार आहे, शुक्लांनी वर मेथी आणि मूग उगवून बघितले तो प्रयोग आपल्या शेजारच्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा होता, आणि स्नायूंच्या पेशी तिथं का वाढत नाहीत हा प्रयोग पण शुक्लांनीच केला.

सध्या तू गणित आणि विज्ञान सोडू नकोस, पोहायला शीक, आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरून तासन्‌तास बसू नकोस कारण नंबर लागला तर पायलटची वाट अवघड होते. मिरामारच्या सायन्स सेंटरला आईबाबांबरोबर एकदा जाऊन ये, आणि पणजीला जुंता हाऊसच्या गच्चीवर सार्वजनिक वेधशाळा होती, ती सध्या चालू आहे का आणि कुठे ते फोन करून विचारूनच जा, काणकोणहून एवढ्या लांब उगाच फेरी नको.